थांबून पाहिलेले सोलापूर : हिवाळ्यातील एक दिवस

सोलापूर हे उतरून पुढे जाण्याचे गाव आहे, असा महाराष्ट्रात एक जुना समज आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर, विजापूर अशा चहूदिशांना निघालेला प्रवासी सोलापूरच्या स्थानकावर उतरतो, चहा घेतो, जमल्यास एखादी चादर पिशवीत टाकतो आणि पुढची एसटी पकडतो. रेल्वे येथे १८६० मध्येच पोहोचली. पण खास सोलापूर पाहायला म्हणून आलेला माणूस आजही विरळाच. यात सगळा दोष प्रवाशांचा आहे असे नाही. मार्चपासून जूनपर्यंत येथले ऊन असे असते, की सोलापूरकर स्वतःही दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना दोनदा विचार करतात. अशा वेळी पाहुण्याला किल्ला दाखवायला नेणे हे आतिथ्यात मोडत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मात्र चित्र पालटते. रानात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. माळरानावर मध्य आशियातून पाहुणे पक्षी उतरलेले असतात. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे सोलापूरकरांच्या भाषेत 'गड्ड्या'ची, लगबग सुरू असते आणि १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार चढतात. हे सारे एका वेळी जुळून येते ते फक्त याच दिवसांत. म्हणून सोलापूर पाहायचे तर हिवाळ्यात, आणि एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून.

असा एक दिवस मागच्या जानेवारीत एका मित्राबरोबर काढण्याचा योग आला. हा मित्र मूळचा पुण्याचा, गेली काही वर्षे नोकरीनिमित्त बर्लिनला असतो. सोलापूर त्यानेही आजवर रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलेले. बर्लिनमध्ये जानेवारीच्या मध्यावर सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या आतच मावळतो. त्यामुळे तेथे हिवाळ्यात शहर पाहायचे म्हणजे उजेडाची काटकसर करावी लागते. उघड्यावरच्या जागा आधी, संग्रहालये अंधार पडल्यावर. सोलापुरात त्याच सुमारास सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या नंतर. "अरे, म्हणजे तुमच्याकडे तीन तास जादाच आहेत," असा हिशेब त्याने मांडला आणि दिवसाची सुरुवात माळरानापासून करायची, असे ठरले.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. येथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये अस्तित्वात आले. अभयारण्य म्हटले की दाट झाडी डोळ्यांसमोर येते. येथे तसे काही नाही. गुडघाभर वाळलेले गवत, मधूनच बाभूळ, मोठे उघडे आकाश आणि दूरवर चरणारे काळविटांचे कळप. ज्याला अनेक जण 'पडीक जमीन' म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात हे माळरान म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील स्वतंत्र जीवसृष्टी आहे. गवतावर नाकतोडे आणि किडे जगतात, त्यांच्यावर पक्षी, गवतावरच काळवीट आणि काळविटांमागे लांडगा. यातील गवत काढून तेथे झाडे लावली, तर 'हरित' दिसणारे पण माळाच्या दृष्टीने उजाडच असे काहीतरी तयार होते. वृक्षारोपणाच्या उत्साहात ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा लक्षात आली.

हिवाळ्यात या गवतात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट रंगाचा पांढुरका भोवत्या हे दोन्ही झाडावर न बसता जमिनीवर, गवताच्या आडोशाला रात्र काढतात. पहाटे उजेड फुटताच एकेक करून उठतात आणि गवताच्या शेंड्यांवरून, जवळजवळ गवताला घासून जातील अशा उंचीवरून, शिकार शोधत फिरू लागतात. ते पाहायचे तर साडेसहाला माळावर असायला हवे. आम्ही होतो. गंमत अशी, की माँटेग्यूचा भोवत्या जर्मनीतही उन्हाळ्यात वीण घालतो. पण तेथले पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेत जातात, तर आपल्याकडे येणारे मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून येतात. एकाच जातीच्या पक्ष्यांचे असे दोन वेगळे मार्ग.

अभयारण्य ज्याच्या नावाने आहे तो माळढोक मात्र दिसला नाही. तो दिसेल अशी अपेक्षाही आता कोणी ठेवत नाही.

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. मादी उघड्या जमिनीवर वर्षाला साधारण एकच अंडे घालते. कुत्रे, कोल्हे, कावळे आणि चरणारी गुरे यांच्यातून ते एक अंडे वाचले, तरच पुढची पिढी. नान्नज परिसरात हा पक्षी आहे ही गोष्ट १९७०च्या दशकात शिक्षक व पक्षी-अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांच्या चिकाटीमुळे जगासमोर आली. त्या वेळी देशात त्याची संख्या आजच्या कित्येक पट होती. आज साऱ्या भारतात मुक्त वावरणारे माळढोक दीडशेच्या आतच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यात. सोलापूरच्या माळावर अलीकडच्या वर्षांत झालेल्या पाहणीत एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. मोर राष्ट्रीय पक्षी ठरला त्या वेळी डॉ. सलीम अली यांनी माळढोकाची शिफारस केली होती, हे आठवले की मन विषण्ण होते.

हे असे का झाले, याचे सोपे उत्तर शिकार असे दिले जाते. शिकार होतीच. पण सोलापूरपुरते बोलायचे तर जमिनीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. अभयारण्य घोषित करताना सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले गेले. एवढ्या क्षेत्रात गवताळ माळ थोडा. शेते, गावे, रस्ते, बाजारपेठाच अधिक. परिणामी ज्याच्या शेतात माळढोक कधी फिरकलाही नाही, अशा शेतकऱ्यालाही जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवाने यांसाठी अडचणी येऊ लागल्या. पक्षी म्हणजे संकट, अशी भावना गावोगावी तयार झाली. अखेर २०१२ मध्ये हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. कागदावर सर्वांत मोठे असणारे अभयारण्य पक्ष्याला वाचवू शकले नाही आणि ज्यांच्या भरवशावर पक्षी वाचला असता ते लोकही दुरावले. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक हीच.

दुसरीकडे पाणी आले. उजनी धरणाने जिल्ह्याच्या मोठ्या भागात उसाचे राज्य आणले आणि नान्नजच्या पट्ट्यात विहिरी-कूपनलिकांवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. नान्नज हे नाव पक्षीमित्रांना माळढोकासाठी माहीत असेल, तर द्राक्ष बागायतदारांना 'सोनाका' या वाणासाठी. नानासाहेब काळे यांनी येथे विकसित केलेल्या या लांबट मण्यांच्या वाणाच्या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे या तिन्हींची आद्याक्षरे आहेत. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याने स्वतःच्या निरीक्षणातून वाण तयार करावा आणि तो राज्यभर पसरावा, ही कामगिरी लहान नाही. मात्र बाग म्हटली की विजेचे खांब आले, तारा आल्या, कुंपण आले, फवारणी आली. माळढोकाची नजर बाजूला चांगली पोहोचते, पण समोरच्या बाजूला अरुंद. त्यात वजन जास्त. उडताना समोर आलेली तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी चटकन वळता येत नाही. राजस्थानात याच तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल करून तोडगा काढण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

माळावरून परतताना मित्राने जी माहिती दिली ती येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. माळढोकाचा एक चुलतभाऊ जर्मनीत आहे. बर्लिनच्या पश्चिमेला हाफेललांड नावाचा सपाट, ओलसर गवताळ प्रदेश आहे. तेथे आणि शेजारच्या भागात हा युरोपीय माळढोक राहतो. १९९०च्या दशकात जर्मनीतील त्यांची संख्या साठाच्याही खाली आली होती. त्यानंतर ती बरीच वाढली. तेथे काय केले? शेतात यंत्राखाली सापडण्याचा धोका असलेली अंडी गोळा करून बुको येथील केंद्रात कृत्रिमरीत्या उबवली, पिल्ले वाढवून माळावर सोडली. कोल्हे आत येऊ नयेत म्हणून माळाच्या काही भागांना कुंपण घातले. शेतकऱ्यांशी करार करून कापणीच्या वेळा आणि खतांचा वापर बदलला व त्याची भरपाई दिली. बर्लिन-हॅनोव्हर हा अतिवेगवान रेल्वेमार्ग याच प्रदेशातून जाणार होता, तेव्हा काही किलोमीटर लांबीचे मातीचे उंच बांध रुळांच्या कडेने घालण्यात आले, जेणेकरून उडणारे पक्षी गाडी आणि तारा यांच्या वरून जावेत. हा मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. मित्र कामानिमित्त त्या गाडीने अनेकदा गेला आहे. त्या टप्प्यात खिडकीतून मातीशिवाय काही दिसत नाही, अशी त्याची जुनी तक्रार होती. नान्नजचा माळ पाहिल्यावर ती तक्रार त्याने मागे घेतली.

भारतातही असे प्रयत्न सुरू झाले आहेत. जैसलमेर भागात २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा कार्यक्रम चालू आहे आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्मले. ही पिल्ले मोठी होऊन पुढे कधी महाराष्ट्रात सोडायची झाली, तर त्यांना उतरायला माळ लागेल. नान्नजचे गवत टिकवणे म्हणूनच निरर्थक नाही, जरी आज त्यात माळढोक नसला तरी.

परतीच्या रस्त्यावर एका शेतात आगटी पेटली होती. हुरड्याविषयी शहरी वाचकांना बरेच काही माहीत असते. आता त्याच्या सहलीही निघतात. पण तो जानेवारीतच का, हे थोडक्यात सांगायला हवे. रब्बीची ज्वारी येथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते. पुढे पाऊस नसतो. काळी जमीन पावसाळ्यात जे पाणी धरून ठेवते त्याच्यावर आणि थंडीतल्या दवावर हे पीक येते. कणसात दाणा भरला आहे पण अजून कडक झालेला नाही, अशी अवस्था थंडीच्या काही आठवड्यांतच सापडते. तेव्हा जमिनीत खळगा करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसे भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि कोवळा दाणा शेंगांच्या चटणीबरोबर खायचा. शेजारच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच पद्धतीच्या शेतीतून आली आणि तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. ऊस आणि द्राक्षांपुढे ज्वारीचे क्षेत्र आक्रसत असले, तरी हुरड्याची हौस वाढतेच आहे, हा विरोधाभास बाजूला बसलेल्या शेतकऱ्याने आम्हाला हसत सांगितला.

शहरात परतेपर्यंत अकरा वाजले होते. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही पाहता येतात. किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तटबंदी आणि खंदक असलेला. बहमनी राज्याची शकले झाल्यावर निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर असल्यामुळे सोलापूरसाठी अनेकदा लढाया झाल्या. अहमदनगरच्या चांदबीबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून दिले गेले. मे १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रज फौजेने येथील पेशव्यांच्या शिबंदीचा पराभव करून किल्ला घेतला आणि पेशवाईच्या अखेरच्या लढायांतील एक लढाई येथे संपली. आत उत्खननात सापडलेले जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. ते शांतपणे पाहावेत. बहुतेक लोक बागेतूनच माघारी फिरतात.

तलावाचे महत्त्व किल्ल्याहून मोठे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे कन्नड वचनसाहित्यातील थोर नाव. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्या काळी या गावाला सोन्नलिगे म्हणत. तपश्चर्येपेक्षा लोकोपयोगी श्रम श्रेष्ठ मानणाऱ्या या योग्याने अनुयायांना घेऊन तलाव खोदला आणि गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगे स्थापिली, असे परंपरा सांगते. तलावाच्या मध्यभागी मंदिर, अंगणात योग्याची समाधी. अवर्षणाच्या मुलखात ज्या माणसाने पाणी साठवले त्याला गावाने दैवत केले, हे समजून घेतले म्हणजे सोलापूरचे अर्धे मन उलगडते. मंदिरात मराठी, कन्नड आणि तेलुगू सारख्याच सहजतेने कानी पडते.

तेथून महापालिकेच्या आवारातील इंद्रभुवन बाहेरूनच पाहिले. अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेली ही वास्तू नक्षीकामासाठी पाहावी. भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकाला मात्र थोडा वेळ द्यावा. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापुरातला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. इतर परतले, हे तेथेच राहिले, तेथील परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निधन पावले. चीनमधील लोकांना सोलापूर हे नाव माहीत असते ते त्यांच्यामुळे. त्यांच्या मूळ घरातील स्मारक २०१२ पासून खुले आहे.

दुपार पूर्व भागासाठी राखून ठेवली होती. सोलापूरच्या या बाजूला दुकानांवरच्या पाट्या तेलुगूतही दिसतात. तेलंगणातून दुष्काळामुळे आणि कामाच्या शोधात पिढ्यान्पिढ्या आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे 'जुनी मिल', आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्यांनी सोलापूरला गिरणगाव केले. भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. आज या सर्व गिरण्या बंद आहेत. विणकाम मात्र घरोघरच्या आणि छोट्या कारखान्यांतल्या यंत्रमागांवर उरले आहे. गल्लीत शिरले की आधी आवाज येतो, खटखट-खटखट, आणि मग माग दिसतो.

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे सर्वांना ठाऊक. ते कसे साधते हे फार थोड्यांना. मागावर दोन वेगळ्या रंगांचा ताणा एकाच वेळी लावलेला असतो. जकार्ड नावाचे यंत्र मागाच्या वर बसवलेले असते आणि त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. जेथे भोक असेल तेथला दोरा उचलला जातो, जेथे नसेल तेथला खालीच राहतो. त्यामुळे नक्षीच्या जागी एक रंग वर येतो आणि दुसरा खाली जातो. चादर उलटली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून समोर येते. 'मयूरपंख' ही सर्वांत लोकप्रिय नक्षी अशीच विणली जाते. फ्रान्समधील ल्यों शहरातील जकार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र सिद्ध केले आणि भोके पाडलेल्या पट्ट्यांची हीच कल्पना पुढे आद्य संगणकांच्या कामी आली. संगणक क्षेत्रातच नोकरी करणारा मित्र त्या पट्ट्यांसमोर बराच वेळ उभा राहिला. कारागिराला मात्र त्याचे विशेष वाटले नाही. दोरा तुटला होता, तो जोडण्याची त्याला घाई होती.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. महाराष्ट्रात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या उत्पादनांपैकी ती आहेत. तरीही पानिपतकडची स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून देशभर खपते आणि सोलापुरातले अनेक माग चादर सोडून टॉवेलकडे वळले आहेत. टॉवेलला परदेशात मागणी आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे दर जानेवारीत घरगुती वस्त्रांचे जगातील एक सर्वांत मोठे प्रदर्शन भरते, 'हाइमटेक्स्टिल' त्याचे नाव. सोलापूरचे निर्यातदारही तेथे आपला माल मांडत आले आहेत. म्हणजे गड्ड्याच्या सुमारास येथले काही उद्योजक फ्रँकफुर्टच्या थंडीत ग्राहक शोधत असतात. चादर घेणाऱ्याने एवढे तरी करावे: पूर्व भागातल्या मागावरूनच घ्यावी, दोन्ही बाजू पाहून.

चार वाजता आम्ही चार पुतळ्यांपाशी आलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. मिठाच्या सत्याग्रहात महात्मा गांधींना मे १९३०च्या आरंभी अटक झाल्यावर सोलापुरातील गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पहिला बळी ठरला. संतप्त जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले आणि न्यायालयाला आग लागली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी सत्ता नावालाही नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणे आणि तिरंगा लावणे हे त्या काळात गुन्हे ठरले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. धनशेट्टी हे तर जमावाला शांत करू पाहणाऱ्यांत होते. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवत. आमच्या व्यवसायातला हा माणूस आज पत्रकारांनाही फारसा आठवत नाही. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा: सोलापूरच्या पेठांतून फेरी मारली तर जी माणसे भेटतील, तीच ही चार.

संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्याच्या पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते. यात्रेचा मूळ कथाभाग असा: एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाचा हट्ट धरला. योगी विवाह करू शकत नव्हते. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावू दिला. मकर संक्रांतीच्या सुमारास हाच विवाह दरवर्षी पुन्हा होतो. योगदंडाचे प्रतीक म्हणून सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, नंतर होम आणि शोभेचे दारूकाम. अक्षतेच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीतील हजारो माणसे एकाच दिशेने तांदूळ उधळतात, ते दृश्य पाहावे असेच असते. सात ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. त्यांत माळी, विश्वब्राह्मण आणि मातंग समाजही आहेत. गावदेवाच्या लग्नात कोणाला वगळायचे नाही, ही व्यवस्था कोणी केली असेल ती करो, मोठ्या विचाराची आहे.

नंदीध्वज म्हणजे उंच, जड काठी. ती एका माणसाने कमरेशी तोलून धरायची आणि चालायचे. यासाठी यात्रेपूर्वी कितीतरी दिवस रोज संध्याकाळी सराव चालतो. आम्ही पाहिला तो सरावच. विशीतला एक मुलगा ध्वज पेलून दहा-बारा पावले चालला, तोल जाऊ लागताच चौघांनी दोर ताणून धरले, आणि लगेच दुसरा पुढे सरसावला. बाजूला उभे असलेले वृद्ध गृहस्थ कन्नडमध्ये काही सूचना देत होते. मुलगा मराठीत उत्तर देत होता.

ज्यांना असा दिवस आखायचा असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मुंबई-पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस फेब्रुवारी २०२३ पासून धावते. विमानसेवेला अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि २०२५ मध्ये आधी गोव्याची, नंतर मुंबईची विमाने सुरू झाली. नान्नजला जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी, पहाटेच निघावे, दुर्बीण आणि पाणी बरोबर ठेवावे, आणि गाडी गवतात घालू नये, कारण भोवत्या तेथेच बसलेले असतात. अक्षता सोहळ्याच्या दिवशी शहरातील मुख्य रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी किल्ला आणि तलाव पायीच गाठावे लागतात. गर्दी टाळायची असेल तर अक्षतेच्या दोन दिवस आधी यावे. गड्ड्याचे पाळणे आणि दुकाने मात्र यात्रेनंतरही जानेवारी अखेरपर्यंत मैदानावर असतात.